चप्पल कोल्हापुरी, जोड दोन राज्यांचा

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीचे मॉडेल अंगठ्याच्या चपला घालून चालले आणि मग आपल्याकडं जो काही राडा झाला तो सगळ्यांनी फोनवर बघितलाय, त्यामुळं तो परत उगाळत बसत नाही. कोल्हापुरीचं नाव न घेता कोल्हापुरी मांडली, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं पत्र पाठवलं, कंपनीनं कबूल केलं की हो, प्रेरणा भारतातल्या हातकामाची आहे, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन बघून गेली वगैरे. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या एका कागदाबद्दल, ज्याच्यावर त्या राड्याच्या दहा टक्केसुद्धा चर्चा झाली नाही.

११ डिसेंबर २०२५ ला मुंबईत एक करार झाला. दोन हजार जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनवून घ्यायचे, फेब्रुवारी २०२६ मध्ये जगभरातल्या चाळीस दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीला काढायचे, किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे आपले ऐंशी हजाराच्या वर. बातमीतली किंमत सगळ्यांनी वाचली, फॉरवर्ड केली, वर हसायचे इमोजी टाकले. सह्या कुणाच्या होत्या ते किती जणांनी बघितलं? एका बाजूला प्राडा, आणि दुसऱ्या बाजूला एक नाही, दोन महामंडळं. आपलं लिडकॉम, म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, आणि कर्नाटकचं लिडकर, जे डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावानं आहे.

आता ही दोन राज्यं कोणती? २००४ पासून सुप्रीम कोर्टात एकमेकांसमोर उभी असलेली. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर आपल्या गाड्यांवर दगड पडले, २०२५ च्या फेब्रुवारीत एका कंडक्टरच्या मारहाणीवरून इकडच्या एसट्या तिकडं जायच्या थांबल्या. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हीच दोन राज्यं इटलीच्या कंपनीसमोर एका बाजूला, एकाच टेबलावर. मला तरी ही गोष्ट ऐंशी हजाराच्या चपलेपेक्षा मोठी वाटली.

आधीच सांगतो, मी गडहिंग्लजकडचा. आमच्याकडून संकेश्वर अर्ध्या तासावर, पेट्रोल तिकडं स्वस्त मिळतं म्हणून टाकी भरायला जाणारी माणसं आम्ही. सीमाप्रश्नावर माझं मत घरात जे ऐकत मोठा झालो तेच आहे आणि ते बदलायचा माझा काही विचार नाही. तरीपण माझं म्हणणं असं की कोल्हापुरीला बाहेरच्या बाजारात जो काही थोडा मान मिळाला तो दोन राज्यं एकत्र उभी होती म्हणून मिळाला, आणि हा एकत्रपणा जर फक्त जीआयच्या, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं या नोंदणीच्या, सर्टिफिकेटवर आणि सही करतानाच्या फोटोत राहिला तर प्राडा हा एक सीझनचा पाऊस ठरणार. छोट्या कारागिराला परदेशी बाजारात न्यायचं काम दिल्लीला एकटीला जमत नाही आणि कारागिराला एकट्याला तर नाहीच नाही. ते मधल्या मजल्यावरचं काम आहे, आणि तो मधला मजला आपण बांधलेलाच नाही.

थोडं मागं जाऊ. कोल्हापुरीला जीआय मिळाला तो आठ जिल्ह्यांसाठी. आपले चार, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि तिकडचे चार, बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. २०१९ मध्ये ही बातमी पेपरात आली तेव्हा आमच्या ग्रुपवर जो सूर होता तो मला अजून आठवतोय, नाव कोल्हापूरचं आणि वाटा कर्नाटकला कशाला? खरं सांगायचं तर मीपण त्यात होतो. प्राडाच्या वेळी परत तेच झालं, कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे बोलले की ही चप्पल आमच्या अथणी-निपाणीतपण बनते, आमच्या कारागिरांचंही नाव घ्या, की लगेच इकडून शिव्या सुरू.

पण जरा चपलेकडंच बघा ना. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये जो माल टांगलेला असतो तो सगळा कोल्हापुरात शिवलेला असतो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं दुकानदाराला चहा पाजून नीट विचारावं. बराच माल अथणी, मदभावी, निपाणीच्या बाजूनं येतो. पिढ्यान्‌पिढ्या येतो. कोल्हापूर ही बाजारपेठ, शाहू महाराजांच्या काळापासून नावारूपाला आलेली, म्हणून नाव कोल्हापुरी. कापशी नावाचा प्रकार बघा, तो कापशी गावावरून. म्हणजे नाव कुठून तरी पडतं, बनतं मात्र सगळ्या पट्ट्यात. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात विजापूरचा शेतकरी गाडी भरून माल आणतो, तिथं कुणी त्याला तू कन्नड बोलतोस म्हणून परत पाठवत नाही, उलट आडते त्याला जेवायला घालतात. बाजार हा आधीपासूनच एक आहे, भांडण वर आहे.

आणि नातीपण एक आहेत. कातडं कमावणारा ढोर समाज, चपला शिवणारा चर्मकार समाज, यांची सोयरीक सीमेच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं. निपाणीची पोरगी कागलला दिलेली, कोल्हापूरच्या पोराची आत्या अथणीत. रापी तीच, आरी तीच, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कातडं कमवायची रीत तीच, बायकांनी घरात बसून वेण्या वळायच्या हीपण रीत तीच. दोन महामंडळांना नावं कुणाची दिलीत तेपण बघा, एकाला संत रोहिदासांचं आणि दुसऱ्याला बाबू जगजीवनरामांचं. दोन्ही नावं त्याच समाजाची. कोल्हापूरचा अभिमान म्हणून स्टेटस ठेवणारे आम्ही बाकीचे लोक या हिशोबात जरा उशिरानंच आलोय, आणि अभिमान आमचा, टाचणी त्यांच्या बोटात अशी ती वाटणी आहे. हे कडू आहे पण आहे.

शेजाऱ्यांनी एकत्र न येता एकाच वस्तूवर हक्क सांगितला की काय होतं याची उदाहरणं काय कमी नाहीत. रसगुल्ल्यावर बंगाल आणि ओडिशा भांडले, २०१७ ला बंगालला जीआय, २०१९ ला ओडिशाला वेगळा जीआय, दोघं खूश. ठीक आहे, रसगुल्ला काय मोठ्या प्रमाणात युरोपला चाललाय असं नाही त्यामुळं चालून गेलं. पण बासमती बघा. भारतानं २०१८ मध्ये युरोपियन युनियनकडं बासमतीच्या नावासाठी अर्ज केला, पाकिस्ताननं त्याला हरकत घेतली कारण बासमती त्यांच्याही पंजाबात पिकतो, आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं लटकत राहिलं. आता तिथं दोन देश आहेत, युद्धं झालेली आहेत, ते समजू शकतो. आपल्या दोन राज्यांमध्ये काय आहे? एक टोलनाका.

आता याच्या उलटं उदाहरण, आणि तेपण प्राडाच्या अंगणातलंच. पार्मिजानो रेजानो नावाचं चीज असतं, आपण ज्याला पार्मेझान म्हणतो. नाव पार्मा आणि रेजो एमिलिया या दोन शहरांवरून. पण बनवायची परवानगी आहे ती पार्मा, रेजो एमिलिया, मोडेना, बोलोन्याचा एक भाग आणि मांतोवाचा एक भाग इतक्या ठिकाणी. गंमत म्हणजे हे मांतोवा दुसऱ्याच प्रांतात येतं, लोम्बार्डीत, जिथं मिलान आहे. म्हणजे नाव एका प्रांतातल्या गावांचं, वाटेकरी दुसऱ्या प्रांतातले, आणि सगळ्यांची मिळून एक संस्था. तीनशेच्या आसपास डेअऱ्या, त्यातल्या बऱ्याच लहान, पण चीजच्या प्रत्येक चाकावर शिक्का एकच, तपासणी एकच, बाहेरच्या देशात नकली माल सापडला तर वकील एकच. मांतोवाच्या गवळ्याला कुणी म्हणत नाही की नाव पार्माचं, तू कशाला आलास. इटलीतली गावं आपापसात किती भांडतात हे ज्यांना माहितीय त्यांना कळेल की हे काही प्रेमापोटी झालेलं नाही, हिशोबापोटी झालंय. प्राडाच्या लोकांना दोन महामंडळांशी एकत्र बोलताना काही विचित्र वाटलं नसणार. विचित्र आपल्याला वाटतं.

आता एकटा कारागीर परदेशात माल पाठवायचा म्हणतो तेव्हा नक्की काय होतं ते सांगतो, कारण वर्तमानपत्रात लिहिणारे लोक एक्स्पोर्ट हा शब्द असा वापरतात जसं काय कुरिअरचं पाकीट चिकटवायचंय. ओळखीतल्या एका कारागिराला, निपाणीच्या पुढचं गाव, दुबईच्या एका दुकानाकडून विचारणा आली. तीनशे जोड पाहिजेत, एकाच रंगाचे, सहा साइजमध्ये. घरात तो, त्याची बायको आणि एक पुतण्या. नीट हातानं काम केलं तर तीन माणसं दिवसाला किती जोड करणार, तरी त्यांनी दोन शेजारी घरं जोडून घेतली आणि माल तयार केला. अडचण कुठं आली? रंगात. चामडं तीन वेगवेगळ्या खेपांतलं होतं, तेल पाजल्यावर प्रत्येकाची छटा वेगळी निघाली. आपल्याला ती हाताच्या कामाची खूण वाटते, दुकानदाराला तो डिफेक्ट वाटला. साइजपण मागंपुढं, कारण साचा प्रत्येक घराचा आपला आपला, आजोबाच्या पायाच्या मापाचा. शेवटी शंभरभर जोड त्यांनी उचलले, बाकीचे घरात. पुढचं वर्षभर ते जत्रेत विकले. त्यानंतर त्यानं परदेशाचं नाव काढलं नाही, आणि मला वाटतं बरोबर केलं.

यात त्याची कुठली चूक होती सांगा. एकसारख्या छटेचं चामडं घ्यायचं तर मोठी खेप एकदम घ्यायला लागते, तेवढं भांडवल तीन माणसांच्या घरात नसतं. कोल्हापुरात पूर्वी जवाहरनगर-सुभाषनगरच्या बाजूला कातडं कमवायचं काम जोरात चालायचं, आता बरंचसं चामडं चेन्नईकडून येतं, त्यात मधले दोन-तीन हात. साचे एकसारखे करायचे तर कुणीतरी युरोपातल्या पायाची मापं आणून, त्याप्रमाणं साचे पाडून, सगळ्या गावांत वाटायला पाहिजेत. आणि टेस्टिंग. युरोपात २०१५ पासून नियम आहे की कातडीला लागणाऱ्या चामड्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचा घातक प्रकार, किलोमागं तीन मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आता बघा, हा नियम आपल्या कोल्हापुरीसाठी खरं तर लॉटरी आहे, कारण क्रोमियम लागतं ते क्रोम टॅनिंगला, म्हणजे रसायनात कातडं कमवायला, आणि आपलं कातडं पारंपरिक पद्धतीनं झाडपाल्यात कमावलेलं. पण लॉटरीचं तिकीट दाखवायला लागतं ना, म्हणजे लॅबचा रिपोर्ट. चामड्याची देशातली सगळ्यात मोठी संशोधन संस्था सीएलआरआय, ती चेन्नईला. मदभावीचा माणूस प्रत्येक खेपेला सँपल घेऊन चेन्नईला जाणार का?

ही सगळी कामं अशी आहेत की ती एका घराला महाग आणि हजार घरांना स्वस्त पडतात. एवढं साधं गणित आहे. आणि हजार घरं कुठल्याही एका राज्यात बसत नाहीत, ती हायवेच्या दोन्ही अंगाला आहेत. म्हणून मी म्हणतो की सहकार्य हे इथं भाईचाऱ्याचं भाषण नाही, चामड्याच्या खेपेचा आकार आहे.

दिल्लीनं काही केलंच नाही असंपण नाही. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला करारावर सह्या झाल्या, त्यात चामडं आणि चपला-बुटांवरची १६ टक्क्यांपर्यंतची ड्युटी शून्यावर आणायचं ठरलं. स्वित्झर्लंड-नॉर्वेवाल्या चार देशांबरोबरचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ बसवला तेव्हा सगळ्यांना कळलं की एकाच गिऱ्हाइकावर बसून राहणं किती धोक्याचं आहे. पण शून्य ड्युटी म्हणजे बंदरावर मिळणारी सवलत. ती मिळवायला माल भारतातच बनलाय याचा कागद लागतो, त्याच्या आधी आयईसी म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नंबर लागतो, परदेशी पैशाच्या व्यवहारासाठी बँकेचा एडी कोड लागतो, इनव्हॉइस बरोबर लागतं. पोस्टातून निर्यात करायची सोय झालीय, डाकघर निर्यात केंद्रं निघालीत, चांगली योजना आहे, मी नावं ठेवत नाही. तरीपण पोस्टाच्या खिडकीपर्यंत पोचायच्या आधीचं सगळं काम तसंच राहतं.

आणि दिल्लीच्या कराराची गोष्ट सोडा, घरातल्या घरात बघा. जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असलेला छोटा उत्पादक दुसऱ्या राज्यात माल विकू शकत नाही, कायद्यातच तसं आहे. म्हणजे निपाणीचा माणूस चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला, जिथं त्याच्या बापजाद्यांनी माल घातला, तिथं माल घालायला गेला की तो परराज्यातला व्यापार. त्याला बेंगळुरू आपलं आणि कोल्हापूर परकं. लंडनची ड्युटी शून्यावर आणायचं ठरलं आणि कागलचा नाका तसाच. यावर एखादा तरी आमदार कधी बोललाय का, इकडचा किंवा तिकडचा? सीमाप्रश्नावर मात्र दोन्हीकडचे इतकं बोलतात की विधानसभेचा माईक गरम होतो.

जीआयच्या बाबतीत एक गोष्ट प्राडा प्रकरणात लोकांच्या लक्षात आली नाही. काही वकिलांनी मुंबई हायकोर्टात प्राडाविरुद्ध जनहित याचिका टाकली होती, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. कारण काय? तर हक्काचे मालक तुम्ही नाही, ज्यांच्या नावावर जीआय आहे ते स्वतः येऊ शकतात. बरोबर आहे की. मालक कोण, तर लिडकॉम आणि लिडकर. म्हणजे आपण सगळे सोशल मीडियावर कितीही ओरडलो तरी कोर्टात उभं राहायचा अधिकार मुख्यतः त्या दोघांचा, आणि त्या दोघांचं पटलं नाही तर सगळंच अडणार. म्हणून हे सहकार्य ऐच्छिक विषय नाही, पेपरातला सक्तीचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, भारतातला जीआय भारतातच चालतो. मिलानमध्ये तो दाखवला तर ते लोक कॉफी पाजून परत पाठवतील. प्राडानं कबूल केलं ते लाजेखातर आणि बाजारातल्या नावाखातर, कायद्यानं त्यांना कुणी बांधलेलं नव्हतं. पण आता एक दार उघडलंय आणि त्याबद्दल मला आपल्याकडं कुठंच काही ऐकायला मिळालं नाही. युरोपात आतापर्यंत वाइन, चीज, हॅम असल्या खाण्यापिण्याच्या वस्तूंनाच सगळ्या युनियनभर जीआय मिळायचा. आता हातकामाच्या आणि कारखान्यातल्या वस्तूंनापण मिळतो, त्याचा नवा कायदा १ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला. आणि त्यात युरोपबाहेरच्या देशातले उत्पादकसुद्धा अर्ज करू शकतात. प्राडाच्या करारावर सही झाली त्याच्या बरोबर दहा दिवस आधी हे दार उघडलं! एवढा योग जुळून आलाय. कोल्हापुरीचं नाव एकदा युरोपात रजिस्टर झालं की पुढच्या कंपनीच्या लाजेवर अवलंबून राहायला नको. पण तो अर्ज करताना चप्पल कशी बनते, कुठल्या गावांत बनते, कातडं कुठलं, टाका कसला, तपासणी कोण करणार हे सगळं एका पुस्तकात लिहून द्यायला लागतं, आणि ते पुस्तक अर्धं मुंबईत आणि अर्धं बेंगळुरूत लिहून चालणार नाही. एकट्या महाराष्ट्रानं अर्ज केला आणि कर्नाटकनं हरकत घेतली तर बासमतीच.

आता प्राडाबद्दल. काही लोक म्हणतात की हे सगळं कंपनीचं तोंड वाचवायचं नाटक आहे, दोन हजार जोड म्हणजे हत्तीच्या तोंडात जिरं. दोन हजार गुणिले ८०० युरो केले तर १६ लाख युरो होतात, त्यांच्या धंद्यात ही रक्कम चिल्लर आहे, मान्य. नाटक असेल तर असू दे, मला त्यात एवढं वाईट वाटत नाही. त्या कराराबरोबर कारागिरांना ट्रेनिंग द्यायचीपण गोष्ट आहे, काहींना इटलीत शिकायला मिळायची शक्यता आहे. मोठ्या कंपनीची पहिली ऑर्डर छोटीच असते, द्राक्षवाल्यांना विचारा. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या संस्थांनी १९९१ मध्ये एकत्र येऊन द्राक्षं परदेशात पाठवायला महाग्रेप्स काढली तेव्हा त्यांच्याकडं ना प्रीकूलिंगचा, म्हणजे माल आधी थंड करून पाठवायचा, अनुभव होता ना युरोपच्या पॅकिंगचा, पहिल्या वर्षांत माल नाकारला जायचा, बॉक्समधले मणी गळायचे. शिकले. एकेकट्या बागायतदाराला ते शिकायची फी परवडली नसती, सगळ्यांनी मिळून भरली. मला काळजी दुसरी आहे. दोन हजार जोडांचं काम कुणाच्या घरात गेलं आणि जोडामागं हातात किती पडले, हा आकडा दोन्ही महामंडळांनी स्वतःहून बाहेर सांगायला पाहिजे. ८०० युरोचा आकडा पहिल्या पानावर येतो, मजुरीचा आकडा कुठल्याच पानावर येत नाही.

कुणी म्हणेल, अरे पण सरकारी महामंडळं! त्यांच्याकडून तू एवढी अपेक्षा ठेवतोस? नाही ठेवत. फाईल मुंबईत अडली तर बेंगळुरूची फाईल वाट बघत बसते आणि उलटं झालं तर उलटं, हे मला चांगलं कळतं. महामंडळांनी नाव सांभाळावं, कोर्टात उभं राहावं, युरोपात अर्ज करावा. धंदा मात्र कारागिरांच्या स्वतःच्या संस्थेनं करावा, आणि त्यासाठी कायदा नवा करायला नको. बहुराज्य सहकारी संस्थांचा कायदा २००२ पासून आहे, त्यात अथणीची बाई आणि कागलचा माणूस एकाच संस्थेचे सभासद होऊ शकतात, एकाच मतपेटीत मत टाकू शकतात. २०२३ मध्ये केंद्रानं सहकारातल्या मालाच्या निर्यातीसाठी राष्ट्रीय पातळीवर संस्थापण काढली, याच कायद्याखाली. आमचा जिल्हा ऊस, दूध, सूतगिरण्या, बँका, सगळं सहकारात करून बसलाय. चपलेतच काय ते जमलं नाही, आणि का जमलं नाही याचं उत्तर ज्यांच्या हातात सहकार होता त्यांच्या जातीत शोधायला लागेल, ते मी इथं जास्त वाढवत नाही.

हां, सहकारी संस्था म्हटल्यावर चेअरमन आला, चेअरमन आला की त्याचा भाचा आला, हेपण खरं. आमच्याकडं तर पहिल्या मिटिंगला पॅनेल पडतात. तरी एक उदाहरण आहे जे मला धीर देतं. अथणीत पंचवीसेक वर्षांपूर्वी चर्मकार बायकांचे बचत गट एकत्र आले आणि टोहोल्ड नावानं स्वतः चपला बनवून परदेशात पाठवायला लागले. ज्या बायका घरात बसून वेण्या वळायच्या आणि ज्यांचं नाव कुठल्याच बिलावर नसायचं त्यांनी डिझाइन, साइज, क्वालिटी चेक सगळं शिकून घेतलं. मदत बाहेरच्या संस्थांची होती, पण हात त्यांचेच. हे आपल्याला माहिती नाही कारण ते सीमेपलीकडं झालं. कोल्हापूरच्या पोरांनी ते जाऊन बघितलं असतं तर? अथणी काही इटलीत नाही, मिरजेहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत परत येता येतं.

मग सुरुवात कुठून करायची, तर मोठ्या घोषणेनं नको. कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात एक टेस्टिंगची छोटी लॅब आणि चामड्याचं एक गोडाऊन, खर्च दोघांनी अर्धा अर्धा. निपाणीत बांधलं तर तिकडचे नाचतील आणि कागलला बांधलं तर इकडचे, म्हणून एक इकडं आणि एक तिकडं बांधा, गोडाऊन कागलला, लॅब निपाणीत, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे. लिडकॉमनं क्यूआर कोड आणलेत, कोड स्कॅन केला की कुणी बनवली ते कळतं, चांगलं आहे, तोच कोड लिडकरच्या चपलेवरपण लागू दे. नाहीतर पॅरिसच्या गिऱ्हाइकाला एका कोल्हापुरीवर कोड दिसणार आणि दुसरीवर नाही, मग तो दुसरीला नकली समजणार आणि ती शिवलेली असणार अथणीच्या त्याच बाईनं जिच्या सुनेनं पहिली शिवलीय. आणि युरोपच्या जीआयचा अर्ज, तो या सगळ्याच्या आधी, कारण तिथं उशीर झाला तर आपल्याच चपलेचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रेडमार्कमध्ये बसलेलं सापडेल.

त्या अर्जासाठी एक पत्र मुंबईहून बेंगळुरूला जायला पाहिजे, किंवा बेंगळुरूहून मुंबईला. आधी कुणी पाठवायचं यावर दोन वर्षं जाऊ नयेत म्हणून चिठ्ठ्या टाका. आणि मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये यावरून परत टोलनाक्यावर गर्दी व्हायला नको, इंग्रजीत लिहा, माझी काही हरकत नाही.